बोटांना गवसलेले अक्षर : लुई ब्रेल यांचे जीवन

पवित्र शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावे आणि आपल्या मायबोलीत वाचावे, हा आग्रह आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात इतका मुरलेला आहे की, त्यामागे किती पिढ्यांचे श्रम आहेत याचे आपल्याला क्वचितच स्मरण होते. भाषांतर पूर्ण झाले, ग्रंथ छापून झाला, तो वाचकाच्या हाती पडला, म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे आपण समजतो. परंतु शब्द भाषेत उतरला तरी आणखी एक पायरी शिल्लक राहते. तो वाचणाऱ्याच्या इंद्रियापर्यंत पोहोचावा लागतो. डोळस वाचकाच्या बाबतीत ही पायरी केव्हा ओलांडली गेली हे कळतही नाही. अंध वाचकाच्या बाबतीत मात्र ती शतकानुशतके तशीच अडून राहिली होती. ज्याच्या हातून ती ओलांडली गेली तो कोणी विद्वान नव्हता, धनवान नव्हता आणि डोळसही नव्हता. तो पंधरा वर्षांचा एक अंध विद्यार्थी होता. त्याचे नाव लुई ब्रेल.

जीनगराचा मुलगा

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. हे गाव पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. त्याचे वडील सिमाँ-रने हे व्यवसायाने जीनगर होते. घोड्यांची खोगिरे, लगाम आणि साज तयार करण्यात त्यांचा हातखंडा होता. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा होता. १८१२ साली, वयाच्या चौथ्या वर्षी, वडिलांच्या कामाच्या खोलीत तो खेळत होता. वडिलांचे पाहून चामड्याला भोक पाडण्याचा प्रयत्न करताना हातातील धारदार हत्यार निसटले आणि त्याच्या डोळ्यात शिरले. ते हत्यार म्हणजे आरी होती असे बहुतेक चरित्रकार सांगतात. जखम चिघळली. दूषित जखमांवर खात्रीचा इलाज त्या काळी कोणापाशीच नव्हता. विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुई पूर्णपणे अंध झाला.

त्या काळातील खेड्यातल्या अंध मुलापुढे बहुधा एकच वाट असे. घराच्या कोपऱ्यात बसून राहायचे, नाहीतर चर्चच्या दाराशी हात पसरायचा. लुईच्या आईवडिलांनी ती वाट स्वीकारली नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली आणि गावातून एकट्याने फिरण्याची सवय लावली. लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून त्यांनी त्याला अक्षरांचे आकार बोटांनी ओळखायला शिकवले, असेही सांगतात. गावचे धर्मगुरू पालुई यांनी या मुलाची बुद्धी ओळखली. ते त्याला धर्मशिक्षण व इतर पाठ देऊ लागले. त्यांच्याच शब्दावरून गावचे शिक्षक बेशरे यांनी त्याला डोळस मुलांच्या वर्गात बसवून घेतले. ऐकून ऐकून हा मुलगा वर्गात पुढे राहू लागला. परंतु इतर मुलांनी पुस्तक उघडले की त्याचे शिक्षण तेथेच थांबत असे.

पुढे पालुई यांच्या खटपटीने आणि गावातील एका सरदाराच्या शिफारशीने लुईला पॅरिसमधील अंध मुलांच्या राजकीय शाळेत प्रवेश मिळाला. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून तेथे दाखल झाला.

डोळ्यांसाठी घडलेली पुस्तके

ही शाळा १७८५ साली व्हालांतँ आयुई या सहृदय गृहस्थांनी स्थापन केली होती. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत त्यांनी एक दृश्य पाहिले होते. काही अंध माणसांना विदूषकी टोप्या आणि पुठ्ठ्याचे चष्मे घालून बसवले होते, त्यांच्याकडून वाद्ये वाजवून घेतली जात होती आणि लोक पोट धरून हसत होते. आयुई यांचे अंतःकरण त्या हास्याने विदीर्ण झाले. अंधांना शिकवता येते हे आपण जगाला दाखवून देऊ, असा त्यांनी निश्चय केला. चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रांस्वा लझ्यूर हा त्यांचा पहिला विद्यार्थी होय. ओल्या जाड कागदावर मोठे खिळे दाबून छापील अक्षरे उठावदार करायची आणि अंधांनी ती बोटांनी चाचपून वाचायची, ही त्यांची पद्धत होती.

आयुई यांचे ऋण फार मोठे आहे. अंध मनुष्य वाचू शकतो, ही गोष्टच त्यांच्यापूर्वी जगाला मान्य नव्हती. तथापि त्यांच्या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. छापील अक्षराचे सारे सौंदर्य डोळ्यासाठी असते. त्यातील गोलाई, जाडबारीक रेषा आणि शेपट्या डोळा एका क्षणात टिपतो. बोटाला मात्र त्या रेषेच्या मागे मागे फिरावे लागते. एकेक अक्षर चाचपत वाक्याच्या शेवटी पोहोचावे तोवर सुरुवात विस्मरणात जाई. ही पुस्तके अवजड आणि महाग असत, म्हणून त्यांची संख्याही फार थोडी होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, या लिपीत अंधाला स्वतः लिहिता येत नव्हते. तो केवळ दुसऱ्याने दिलेले वाचणार. स्वतःचा एक शब्दही तो कागदावर ठेवू शकत नव्हता.

लुई ज्या इमारतीत राहत होता ती पूर्वी सँ-फिर्मँ नावाची धर्मगुरूंची पाठशाळा होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिचा तुरुंग झाला होता आणि सप्टेंबर १७९२ मध्ये तेथे अनेक धर्मगुरूंची हत्या झाली होती. भिंती ओलसर, जिने अंधारे आणि हवा कोंदट होती. या जागेने पुढे कित्येक विद्यार्थ्यांचे आरोग्य हिरावून घेतले. परंतु याच जागेत लुईला समवयस्क अंध मित्र मिळाले आणि संगीत मिळाले. तो पियानो शिकला, ऑर्गन शिकला. गोत्ये आणि कोल्ता हे त्याचे शाळासोबती त्याचे आजन्म स्नेही झाले. म्हातारे झालेले आयुई १८२१ साली या शाळेत आले तेव्हा बारा वर्षांचा लुई तेथे होता. पुढच्याच वर्षी आयुई वारले.

बारा बिंदूंचे सहा बिंदू

त्याच १८२१ साली शार्ल बार्बिये नावाचे एक माजी लष्करी अधिकारी आपली लेखनपद्धती घेऊन शाळेत आले. जलद आणि सोपे लेखन हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या पद्धतीत अक्षरांच्या रेषा नव्हत्या, जाड कागदावर टोच्याने उठवलेले बिंदू होते. सहा बिंदूंच्या दोन उभ्या ओळी आणि त्यांतील कमीअधिक बिंदूंच्या जुळणीने भाषेतील एकेक ध्वनी दर्शवायचा, अशी ती योजना होती. लिहिण्यासाठी खाचा असलेली पाटी आणि टोचा ही साधनेही त्यांनी आणली होती.

विद्यार्थ्यांच्या बोटांना बिंदू चटकन कळले. रेषेपेक्षा बिंदू बोटाशी अधिक स्पष्ट बोलतो, हे लुईच्या ध्यानात आले. पण त्याचबरोबर दोन दोषही त्याच्या ध्यानात आले. पहिला दोष आकाराचा होता. बारा बिंदूंचे चिन्ह बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नव्हते. बोट वरखाली फिरवावे लागे आणि वाचनाची गती तुटे. दुसरा दोष अधिक खोल होता. ही पद्धत ध्वनी लिहीत होती, शब्द लिहीत नव्हती. तिच्यात शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते आणि संगीतही नव्हते.

हा दुसरा दोष किती गंभीर आहे हे मराठी वाचकाला सहज उमगेल. आपल्या बोलण्यात दिन आणि दीन, सुत आणि सूत हे शब्द पुष्कळदा सारखेच ऐकू येतात. एकात दिवस आहे, दुसऱ्यात गरीब मनुष्य आहे. एक पुत्र आहे, दुसरा धागा आहे. ऱ्हस्वदीर्घाचा हा भेद कागदावर उमटला पाहिजे. भाषांतराच्या मेजावर ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे की, एका वेलांटीसाठीही तासभर चर्चा होते. अंधांना कामचलाऊ लेखन पुरेल, शुद्ध लेखनाची त्यांना काय गरज, असा विचार बार्बिये यांच्या पद्धतीत नकळत दडलेला होता. लुईने तो मान्य केला नाही. डोळस सुशिक्षितांना जे जे लिहिता येते ते सर्व अंधालाही लिहिता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. त्याने आपल्या सूचना बार्बिये यांच्यापुढे मांडल्या. पन्नाशी ओलांडलेल्या त्या अनुभवी गृहस्थांना एका पोराच्या या सुधारणा रुचल्या नाहीत.

लुई स्वतःच कामाला लागला. दिवसा वर्ग असत, म्हणून रात्री आणि पहाटे, तसेच सुट्टीत कूव्रेला गेल्यावर, तो कागद, पाटी आणि टोचा घेऊन बसे. ज्या जातीच्या हत्याराने त्याची दृष्टी नेली, त्याच जातीच्या हत्याराने तो आता अक्षरे घडवीत होता. १८२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षात, त्याची लिपी मुख्यतः सिद्ध झाली होती.

तिची रचना पाहिली म्हणजे तिच्या साधेपणाचे नवल वाटते. तीन तीन बिंदूंच्या दोन उभ्या ओळी, एकूण सहा बिंदू. हे संपूर्ण घर बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावते. कोणते बिंदू उठवायचे आणि कोणते सोडायचे यावरून ६३ वेगवेगळी चिन्हे तयार होतात. वरच्या चार बिंदूंतून पहिली दहा अक्षरे होतात. त्यांनाच खालचा डावा बिंदू जोडला की पुढची दहा अक्षरे मिळतात. खालचे दोन्ही बिंदू जोडले की त्यापुढची अक्षरे सुरू होतात. पाठ करायला सोपे, वाचायला वेगवान आणि लिहायला केवळ पाटी व टोचा पुरेसा. लिहिताना कागदाच्या मागील बाजूने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचे.

१८२९ साली त्यांनी आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शब्द, संगीत आणि चर्चमधील पारंपरिक गायन या तिन्हींचे लेखन तिच्यात समाविष्ट होते. हा ग्रंथ जुन्या उठावदार छापील अक्षरांतच काढावा लागला, कारण दुसरी सोय नव्हती. प्रस्तावनेत बार्बिये यांचे श्रेय त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. १८३७ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी या शाळेने फ्रान्सच्या संक्षिप्त इतिहासाचे तीन खंड ब्रेल लिपीत छापले.

शिक्षक आणि ऑर्गनवादक

ब्रेल त्याच शाळेत आधी साहाय्यक शिक्षक आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक झाले. व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित आणि संगीत हे विषय ते शिकवीत. वडील १८३१ मध्ये वारले. अखेरच्या काळात वडिलांना याच मुलाची काळजी होती आणि त्याला अंतर देऊ नका, अशी विनंती त्यांनी शाळेचे संचालक पिन्ये यांना केली होती. पिन्ये यांनी ती पाळली.

कॅथलिक श्रद्धेत वाढलेल्या ब्रेल यांच्या जीवनात उपासना आणि संगीत ही एकमेकांत मिसळून गेली होती. पॅरिसमधील सँ-निकोला-दे-शाँ या चर्चमध्ये ते ऑर्गनवादक होते. त्या काळी अंध विद्यार्थ्यांना सन्मानाने पोट भरण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे चर्चमधील ऑर्गनवादन होता. परंतु स्वरलिपी वाचता येत नसेल तर प्रत्येक रचना दुसऱ्याकडून ऐकून पाठ करावी लागे. ब्रेल यांनी त्याच सहा बिंदूंतून संपूर्ण स्वरलिपी घडवली. आता अंध वादक एका हाताने वाचून दुसऱ्या हाताने वाजवीत रचना स्वतःच पाठ करू शकत होता. अनेक घरांची चूल या स्वरलिपीवर पेटली.

त्यांचे मित्र त्यांच्या स्वभावाविषयी जे सांगून गेले त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा येते. ते देत असत आणि दिल्याचे कळू देत नसत. एका गरजू विद्यार्थ्याला चर्चमधील आपली जागाही त्यांनी सोडून दिली. अल्प वेतनातून ते गरीब मुलांना उसने पैसे देत.

विरोध आणि त्याला दिलेले उत्तर

या लिपीचा मार्ग निष्कंटक नव्हता. १८४० साली पिन्ये यांना पद सोडावे लागले आणि द्युफो हे संचालक झाले. त्यांचा ब्रेल लिपीला विरोध होता. हा विरोध दुष्टपणाचा होता असे म्हणता येणार नाही. त्यामागे एक विचार होता आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. अंधांनी डोळसांहून वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील, म्हणून त्यांनी डोळसांचीच अक्षरे वाचावीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी स्कॉटलंडमधील जॉन ऑल्स्टन यांच्या धर्तीची उठावदार रोमन अक्षरे शाळेत आणली. ऑल्स्टन यांनी ग्लासगो येथे १८४० पर्यंत संपूर्ण बायबल अशा अक्षरांत छापून काढले होते. तिचे १९ खंड झाले होते. कार्य मोठे होते, हेतू पवित्र होता. पण अक्षर डोळ्याचेच होते.

ब्रेल लिपी वर्गांतून हद्दपार झाली. विद्यार्थ्यांनी मात्र ती सोडली नाही. पाटी आणि टोचा लपवून ते आपापसांत लिहीत राहिले, टिपणे काढत राहिले, एकमेकांना शिकवीत राहिले. एकदा स्वतःच्या हाताने लिहिण्याचा आनंद ज्यांनी चाखला होता त्यांना तो परत करण्यास सांगणे अशक्य होते. पुढे उपसंचालक जोसेफ ग्वादे यांना विद्यार्थ्यांची ही प्रगती पाहून सत्य पटले आणि त्यांनी द्युफो यांचे मन वळवले. कवी व लोकप्रतिनिधी लामार्तिन यांनी १८३८ मध्ये संसदेत केलेल्या भाषणानंतर शाळेच्या नव्या इमारतीसाठी निधी मंजूर झाला होता. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी त्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगी ग्वादे यांनी ब्रेल लिपीचा इतिहास व गुण सर्वांसमोर सांगितले आणि विद्यार्थ्यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखवले.

परंतु ब्रेल यांचे मोठेपण विरोधाला पुरून उरण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक विरोधातील सत्यांश ओळखण्यात आहे. अंध आणि डोळस यांच्यात पत्रव्यवहार व्हायला हवा, हे म्हणणे खोटे नव्हते. खेड्यातील आई ब्रेल लिपी कशी वाचणार? म्हणून १८३९ साली त्यांनी दुसरी एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक रोमन अक्षराचा आकार ठरावीक बिंदूंनी कसा उमटवायचा याचे कोष्टक त्यांनी तयार केले. ते पाठ करून अंध मुलगा डोळसांना वाचता येईल असे पत्र स्वतः लिहू शकत होता. ही पद्धत वेळखाऊ होती. तेव्हा त्यांचे अंध मित्र पियेर फूको यांनी १८४१ मध्ये तिच्यासाठी एक यंत्र तयार केले. पंख्यासारख्या मांडलेल्या दट्ट्यांनी एकेक उभी ओळ उमटवीत अक्षर पूर्ण करायचे, अशी त्याची रचना होती. टाइपरायटर बाजारात येण्याच्या कितीतरी आधी दोन अंध माणसांनी मिळून हे लेखनयंत्र घडवले होते.

अखेर

ओलसर इमारतीतील वास्तव्याने १८३५ च्या सुमारास ब्रेल यांना क्षयाची बाधा झाली होती. मधूनमधून विश्रांतीसाठी ते कूव्रेला जात आणि बरे वाटले की परतत. डिसेंबर १८५१ मध्ये त्यांना रक्ताच्या मोठ्या गुळण्या झाल्या. आपला काळ जवळ आला हे ओळखून त्यांनी शांत चित्ताने प्रभुभोजनाचा संस्कार घेतला. मृत्युपत्रात आईसाठी वार्षिक रकमेची तरतूद केली, आप्तांची आणि सेवकांचीही आठवण ठेवली. एक लहान पेटी न उघडता जाळून टाकावी अशी त्यांची इच्छा होती. मृत्यूनंतर मित्रांना कुतूहल आवरले नाही. त्यांनी पेटी उघडली, तेव्हा आत विद्यार्थ्यांनी उसन्या घेतलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. कोणाकडेही वसुलीचा पुरावा राहू नये, म्हणून ती जाळायची होती. मित्रांनी ती जाळली.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीस वर्षे पुरी झाल्यावर दोनच दिवसांनी, लुई ब्रेल यांनी देह ठेवला. पूर्वेकडील ज्ञानी ताऱ्याच्या प्रकाशात बाळ येशूपर्यंत पोहोचले, त्याची आठवण करण्याचा, प्रगटीकरणाचा तो सणाचा दिवस होता. फ्रान्समध्ये नुकताच राजकीय उत्पात झाला होता. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी या मृत्यूची दखल घेतली नाही. त्यांना कूव्रेच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली.

दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला मान्यता दिली. मृत्यूला १०० वर्षे झाली तेव्हा, १९५२ साली, फ्रान्सच्या थोर पुरुषांच्या पँथिऑन या समाधिमंदिरात त्यांच्या अस्थी सन्मानाने हलवण्यात आल्या. त्यांचे हात मात्र कूव्रे गावानेच आपल्याजवळ ठेवले.

सहा बिंदू भारतात

आपल्या देशात अंधांच्या शिक्षणाचा आरंभ मिशनरी भगिनींच्या हातून झाला. १८८७ साली मिस ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे अंधांसाठी शाळा काढली. ती १९०३ मध्ये डेहराडूनजवळील राजपूर येथे गेली. मुंबईत दुष्काळाच्या दिवसांत, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून ती ओळखली गेली.

तथापि एक अडचण उद्‌भवली. भारतातील निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या लोकांनी सहा बिंदूंची निरनिराळी वाटणी केली. एका प्रांतात शिकलेल्या अंधाला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक परके होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९४९ मध्ये युनेस्कोला हा प्रश्न हाती घेण्याची विनंती केली आणि १९५१ साली भारती ब्रेल सिद्ध झाली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. भारती ब्रेलमध्ये मराठी क, तमिळ क आणि बंगाली क यांना एकच चिन्ह आहे. महाराष्ट्राबाहेर, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी अंध मुलाला त्यामुळे केवढी सोय झाली हे त्या त्या ठिकाणच्या आपल्या वाचकांना सांगायला नको. तिच्यात काना, मात्रा, वेलांटी यांचे वेगळे आकार नाहीत. व्यंजनानंतर त्या त्या स्वराचे चिन्ह येते. इ आणि ई यांची चिन्हे भिन्न आहेत. अर्थात दिन आणि दीन यांतील भेद बोटालाही स्पष्ट कळतो. लुईने धरलेला शुद्धलेखनाचा आग्रह असा मराठीतही फळाला आला.

दरम्यान यंत्रेही आली. १८९२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय येथील अंधशाळेचे फ्रँक हॉल यांनी सहा कळांचे ब्रेल लेखनयंत्र तयार केले. १९१० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये फूर्निये दाल्ब यांनी ऑप्टोफोन बनवला. तो छापील अक्षरांवर प्रकाश पाडून त्यांचे सूर करीत असे आणि ऐकणाऱ्याला त्या सुरांवरून अक्षरे ओळखावी लागत. १९७६ साली रे कर्झवाइल यांचे यंत्र आले. ते छापील पान मानवी भाषेत मोठ्याने वाचून दाखवू लागले. आज हे काम खिशातला फोन करतो. यास्तव आता ब्रेलची गरज उरली नाही, असे कोणी म्हणतात. परंतु वाचून दाखवलेले ऐकणे आणि स्वतः वाचणे यांत फरक आहे. मंडळीसमोर उभे राहून शास्त्रपाठ वाचणे, स्तोत्राच्या एका ओळीवर बोट ठेवून थांबणे, एखाद्या नावाचे अचूक लेखन जाणणे, या गोष्टी अक्षराशी स्वतःचा संबंध असल्याखेरीज साधत नाहीत.

आपल्यासाठी बोध

या चरित्रातून आपण काय घ्यावे? अंध व्यक्तीविषयी आपल्या मंडळ्यांत प्रेमाची वाण नाही. नाताळात भेटवस्तू दिल्या जातात, प्रार्थना होतात. परंतु साहाय्य करणारे हात बहुधा स्वतःच्या सोयीचे साहाय्य करतात. आयुई, बार्बिये, ऑल्स्टन, द्युफो हे सारे सज्जन होते. त्या प्रत्येकाने अंधांसाठी काहीतरी केले. ज्याच्यासाठी करायचे त्याच्या बोटाला काय हवे आहे, हे मात्र अंध मुलानेच सांगितले. ते ऐकून घ्यायला डोळस जगाने तीस वर्षे लावली.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय हाक मारीत होता तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसवण्याचा प्रयत्न केला. प्रभू येशूने थांबून त्याला जवळ बोलावले. तो अंध आहे हे उघड दिसत होते, तरीही प्रभूने काही करण्यापूर्वी त्याला काय हवे आहे हे विचारले. सर्वज्ञ प्रभूने जो प्रश्न अनावश्यक मानला नाही, तो आपण कसा टाळावा? आपल्या मंडळीतील अंध बंधूला किंवा भगिनीला ब्रेलमधील शुभवर्तमान हवे असेल, गीतांचे शब्द आदल्या दिवशी हवे असतील, किंवा कदाचित ऐकणाऱ्याच्या बाकावरून उठून शास्त्रपाठ वाचण्याची संधी हवी असेल. आपण विचारावे, आणि मग त्यांच्या उत्तराप्रमाणे करावे.

भाषांतरकाराला आपल्या कार्याचा आधार शब्द देही झाला या घटनेत सापडतो. देवाने मनुष्याला आपल्या भाषेपर्यंत चढून येण्यास सांगितले नाही. तो मनुष्याच्या भाषेत, मनुष्याच्या देहात, मनुष्याच्या हाताला स्पर्श करता येईल इतका जवळ आला. कूव्रेच्या जीनगराच्या मुलाने धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिला नाही. त्याने अक्षराला डोळ्यापासून बोटापर्यंत खाली आणले. आजही एखादे अंध मूल मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीवरून बोट फिरवते, तेव्हा त्या ओळीत लुई ब्रेल यांच्या रात्रींचे जागरण असते.